जुव्याचा उतार आणि गोमंतकीय खाड्यांचा तळ

इतिहासाच्या साधनांची गणना करतांना आपण ताम्रपट, शिलालेख, दप्तरें, बखरी, नाणीं आणि परकीयांचीं प्रवासवर्णनें इतकीं नांवें घेतों आणि थांबतों. ज्या खाड्यांच्या कांठीं हीं साधनें निर्माण झालीं, त्या खाड्यांचा तळ हेंही एक साधन आहे, याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. कोंकण आणि गोमंतक यांचा इतिहास तर बव्हंशीं खाड्यांचा इतिहास आहे. बंदर कोठें वसलें, तें कां उठलें, सैन्य कोठून उतरलें, या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां पाण्याखालीं असतात. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांचें उदाहरण घेऊन, तळाच्या नकाशाचा ऐतिहासिक प्रमाण म्हणून कितपत उपयोग होतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) शब्दांची साक्ष. आपल्या पूर्वजांस तळाचे भेद ठाऊक होते, हें कोशांवरून दिसतें. अमरकोशाच्या वारिवर्गांत पाण्यांतून वर आलेल्या भूमीस ‘पुलिन’ आणि वाळूमय भूमीस ‘सैकत’ असे वेगळे शब्द आहेत. चिखलास तर निषद्वर, जम्बाल, पङ्क, शाद आणि कर्दम असे पांच पर्याय दिले आहेत. त्याच वर्गांत शुक्ति, शङ्ख आणि शम्बूक हे जलचरही येतात. तळाची माती आणि त्या मातींत राहणारे जीव यांची एकत्र गणना ही गोष्ट आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगी वाटते, कारण आधुनिक शास्त्रही आज हाच मार्ग धरीत आहे.

दुसरी साक्ष ताम्रपटाची. फोंडें महालांतील बांदिवडें येथें कोंकणच्या मौर्यांपैकीं अनिर्जितवर्मा याचा जो ताम्रपट मिळाला, त्यांत हस्त्यार्य नामक ब्राह्मणास ‘खज्जन’ भूमि दिल्याचा उल्लेख आहे. हा लेख सामान्यतः सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा मानितात. तो कुमारद्वीपाहून दिला असून त्या स्थळाची सांगड अभ्यासक मांडवीच्या कांठच्या कुंभारजुव्याशीं घालतात. ‘खज्जन’ हा शब्द अमरकोशांत नाहीं. देशी ‘खाजण’ शब्दास लेखकानें संस्कृताचा वेष चढविला, हें उघड आहे. भरतीच्या पाण्याखालीं जाणारी चिखलाची जमीन बांध घालून लागवडीस आणणें म्हणजे खाजण करणें. गोमंतकांत बांधास ‘मानस’ नांवाचीं दारें बसवून खारें पाणी आंत घेण्याची व बाहेर सोडण्याची व्यवस्था होती आणि कांहीं ठिकाणीं ती आजही आहे. म्हणजे निदान तेराशें वर्षांपूर्वीं तळाचा गाळ ही राजाच्या दानाची वस्तु झाली होती.

(२) तळ मोजण्याची रीत. जुने खलाशी दोरीस शिशाचें वजन बांधून पाणी वांवांनीं मोजीत. पाश्चात्य नाविक त्या वजनाच्या बुडाशीं पोकळी ठेवून तींत चरबी भरीत. वजन तळास टेकलें कीं वाळू, चिखल अथवा शिंपल्यांचा चुरा त्या चरबीस चिकटून वर येई. म्हणूनच त्यांच्या सागरी नकाशांवर खोलीच्या आंकड्याशेजारीं तळाच्या जातीचें आद्याक्षर लिहिलेलें आढळतें. जुआंव द काश्त्रु यानें १५३८-३९ सालीं गोव्यापासून दीवपर्यंत प्रवास करून जी मार्गदर्शिका लिहिली, तींत बंदरांचीं चित्रें असून पाण्याच्या खोलीची माहिती आहे. पुढें १८७४ सालीं कलकत्त्यास सागरी मोजणीचें स्वतंत्र खातें स्थापन झालें. तें १९५४ सालीं डेहराडून येथें गेलें. अशा मोजण्यांचे मूळ कागद मिळतील तर ते इतिहासाचेच कागद होत.

आतां शिशाची जागा ध्वनीनें घेतली आहे. नौकेच्या तळाशीं बसविलेलें यंत्र पंख्यासारखे अनेक ध्वनिकिरण एकाच वेळीं खालीं सोडतें. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १५०० मीटर जातो. प्रतिध्वनि परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली निघते आणि त्याच्या जोरावरून तळाची जात ओळखतां येते. खडक आणि खडबडीत तळ ध्वनि जोरानें परत पाठवितात, मऊ चिखल तो बराचसा गिळतो. परंतु ध्वनीवर एकट्यावर विश्वास ठेवून चालत नाहीं. ठिकठिकाणीं जबड्यासारखें उपकरण सोडून तळाची माती वर काढावी लागते. ती चाळून कणांचें मान पाहतात: एक मिलिमीटराच्या सोळाव्या हिश्शाहून मोठा कण वाळूचा, त्याहून लहान तो गाळाचा व चिकणमातीचा. त्या मातींतील कृमि, शिंपले व खेकडे मोजले म्हणजे कोणत्या तळावर कोणाची वस्ती आहे, तें समजतें. पोथीची एकच प्रत पाहून पाठ ठरवूं नये, हा आपला नियम येथेंही लागू पडतो. ध्वनि ही एक प्रत आणि माती ही दुसरी.

(३) मांडवी-जुवारीचा तळ. या दोन नद्या कुंभारजुव्याच्या खाडीनें जोडलेल्या आहेत. दोहोंची सरासरी खोली पांच मीटरांच्या आसपास, म्हणजे रुंदीच्या मानानें फारच थोडी. उधाणाची भरती-ओहोटी सुमारें २ मीटर, भांगाची त्याच्या निम्म्यास. वर्षाचें बहुतेक पाणी ज्येष्ठ ते भाद्रपद या काळांत येतें. त्या वेळीं मांडवीचें पाणी मुखापर्यंत गोडें होऊं लागतें आणि तळावरील पुष्कळसे जीव नष्ट होतात. पाऊस सरल्यावर क्षार परततो आणि वस्ती पुन्हां भरते. जेथें लाटा आणि प्रवाह जोरदार तेथें वाळू राहते, जसा आग्वादचा दांडा. जेथें पाणी मंदावतें तेथें चिखल बसतो. नदीचे बारीक कण खाऱ्या पाण्यास मिळतांच एकमेकांस चिकटून जड होतात आणि खालीं बसतात, हेंही गाळ सांचण्याचें एक मोठें कारण आहे.

तळवासी जीव येथें साक्षीदार होतात. तिसऱ्या वाळूमिश्रित तळ पसंत करतात, तर पातळ चपटे पारदर्शक शिंपले मऊ चिखलावर वाढतात. जुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरांत ते आजही सांपडतात. गोमंतकांतील जुन्या घरांच्या व देवळांच्या खिडक्यांस काचेच्या ठिकाणीं हेच शिंपले बसवीत. ते सर्व येथल्याच खाडींतून काढले, असें मात्र आम्हीं म्हणत नाहीं, कारण शिंपले हाही व्यापाराचा माल होऊं शकतो. तथापि जुन्या खिडकींतील शिंपल्याची तुलना चिखलीच्या गाळांत खोल पुरलेल्या शिंपल्याशीं केली, तर त्या काळच्या तळाविषयीं कांहीं निश्चित सांगतां येईल.

(४) गोपकपट्टण. अकराव्या शतकाच्या मध्यास कदंबांनीं जुवारीच्या उत्तर तीरावरील गोपकपट्टण राजधानी केलें. जयकेशी पहिला याच्या काळच्या लेखांत ताजिक, म्हणजे अरब, वंशाच्या अधिकाऱ्याचा, ‘मिजिगिति’चा आणि जहाजांवरील कराचा उल्लेख येतो. इ. स. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोरायस यांच्या ‘कदंबकुल’ ग्रंथामुळें या लेखांचा परिचय वाचकांस झालेला आहेच. या बंदराच्या नाशाचें कारण चौदाव्या शतकांतील स्वाऱ्या कीं जुवारीचा गाळ, असा वाद आहे. आमच्या मतें हा वाद केवळ ग्रंथांवरून मिटणार नाहीं. गोवें-वेल्हें येथें नदीकांठीं जांभ्या दगडाच्या बांधकामाचे अवशेष आहेत. त्यांच्यापुढील गाळाचा उभा नमुना नळीनें काढून, त्यांतील कोळसा व शिंपले यांचें वय किरणोत्सर्गी कार्बनानें ठरविलें, तर बंदर आधीं बुजलें कीं आधीं ओसाड पडलें, याचा क्रम लागेल. ओसाड पडल्यावर बुजलें असल्यास दोष गाळावर टाकणें अन्यायाचें होईल.

इब्न बतूता संदाबूरच्या, म्हणजे बहुतेकांच्या मतें गोव्याच्या, बेटाभोंवतीं असलेल्या खाडीचें पाणी भरतीस खारट आणि ओहोटीस गोड असतें, असें सांगतो. ग्रीष्मांत हें विधान मुखाजवळ जुळणार नाहीं. परंतु तो स्वतः हिजरी ७४३ च्या जमादिलावलांत, म्हणजे इ. स. १३४२ च्या ऑक्टोबरांत, येथील स्वारींत हजर होता. पाऊस नुकताच संपलेला असल्यामुळें तें विधान त्या ऋतूस शोभतें. प्रवाशाचें वचन पारखतांना ऋतु विसरूं नये, इतकाच बोध येथें घ्यावयाचा.

(५) जुव्याचा उतार. आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. दि. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्रीं संभाजीराजांच्या लोकांनीं ओहोटीची संधि साधून खाडी ओलांडली व जुवें बेटावरील किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशीं विजरई कोंद द आल्व्होर स्वतः चालून गेला, जखमी झाला आणि मोठी हानि सोसून परतला. पुढें राजधानी मुरगांवास नेण्याचा जो विचार सुरू झाला, त्याचें एक कारण हा धक्काच होय. खाडीच्या चढत्या पाण्यांत राजांचा घोडा गेला असतां खंडो बल्लाळांनीं त्यांस सांवरलें, ही बखरींतील परंपराही याच मोहिमेशीं निगडित आहे.

त्या रात्रीं चंद्राचें मान काय होतें, तें आम्हीं गणितानें काढून पाहिलें. तिथि शुद्ध पंचमी-षष्ठीच्या सुमाराची येते. कोंकणचे खलाशी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. मुंबईस त्यावरून साडेचारची भरती येते आणि गोव्यास ती सुमारें तासभर आधीं धरावी लागते. पुढची ओहोटी सहा तासांहून किंचित् अधिक वेळानें, म्हणजे रात्रीं साडेनऊ-दहाच्या सुमारास, पूर्ण होते. ओहोटीची संधि साधल्याचें जें सांगितलें जातें, त्याशीं हें गणित जुळतें.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, ही रात्र उधाणाची नव्हती, भांगाकडे झुकलेली होती. पाणी जितकें खालीं जाऊं शकतें तितकें त्या रात्रीं गेलें नव्हतें. तरीही उतार मिळाला, याचा अर्थ तेथील तळ उथळ आणि पाय ठरण्याइतका घट्ट असला पाहिजे. ‘निषद्वर’ चिखलांतून सशस्त्र शिपाई रात्रीं जाऊं शकत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, अमावास्या-पौर्णिमेस गोव्याची ओहोटी पहांटें व सायंकाळीं पांचच्या आसपास येते. अंधार पडून गेलेला आणि सबंध रात्र हातीं शिल्लक, अशा वेळची ओहोटी हवी असेल तर षष्ठीचा सुमारच गांठावा लागतो. म्हणजे हल्ला करणाऱ्यांनीं पाण्याची नीच पातळी सोडून रात्रीचा अवधि पत्करला. ही निवड जाणूनबुजून केली असेल, तर त्यांस तिथि आणि तळ दोन्ही ठाऊक होते, आणि असें ज्ञान स्थानिक खलाशांवांचून मिळत नाहीं. हा आमचा तर्क आहे. सिद्धांत म्हणून तो पुढें करण्यास जुव्याच्या भोंवतालच्या तळाचा नकाशा हवा.

(६) साधनाचा ऱ्हास. परंतु आजचा तळ म्हणजे १६८३ चा तळ नव्हे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत लोहखनिजाच्या बार्जी या नद्यांतून मुरगांवास जाऊं लागल्या आणि खाणींचा तांबडा गाळ पावसाबरोबर तळावर पसरला. या गाळामुळें तिसऱ्यांचें उत्पन्न घटलें व तळवासी जीवांचे प्रकार कमी झाले, हें १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविलें आहे. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खाणकाम थांबविलें, पुढें तें कांहीं काळ चालू झालें आणि २०१८ सालीं न्यायालयानें ८८ पट्टे रद्द केले. खाण थांबली म्हणून बसलेला थर उठत नाहीं. तो थर निदान ओळखूं येतो, लोहाच्या प्रमाणावरून त्याचा आरंभही सांपडतो, आणि त्याखालचीं जुनीं पानें शाबूत असूं शकतात. याउलट रेती उपसतांना व जलमार्ग खोल करतांना तळ खरवडला जातो, तेव्हां थरांचा क्रमच नाहींसा होतो. हस्तलिखितावर शाई सांडणें वेगळें आणि त्याचीं पानें फाडणें वेगळें.

गोव्यांत दोनापावल येथें १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था काम करीत आहे. तळ मोजणारीं यंत्रें व माणसें तेथें आहेत. उणीव आहे ती आपल्या बाजूची. खाजणांचे बांध व मानसी यांविषयींचे गांवकारीचे कागद, बंदरांवरील जकातीचे कागद, तांडेलांच्या वह्या आणि जुन्या सागरी नकाशांच्या नकला अनेक संग्राहकांकडे गांठोड्यांत पडून आहेत. त्यांत नदीपात्राचें वर्णन, उताराचें नांव, पाण्याची खोली अथवा तळाची जात यांचा एक शब्द जरी असला, तरी तो तिथि व स्थळ यांसह टिपून ठेवावा, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे. मोजणी करणारास कोठें नळी रोंवावी, हें त्या शब्दावरून ठरेल. उपसा करणारें यंत्र मात्र आपल्या टिपणासाठीं थांबणार नाहीं. म्हणून आरंभ जुवें, कुंभारजुवें आणि गोवें-वेल्हें या तीन स्थळांपासून करावा, असें आम्हांस वाटतें.