बडोद्याची फिरती पेटी

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. गुजरातेंतील एखाद्या आडवळणाच्या खेड्यांत एके दिवशीं एक लांकडी पेटी येऊन उतरे. रेल्वे जेथें संपे तेथून पुढें बैलगाडी हेंच त्या काळचें वाहन. पेटी चांगली भक्कम असे, आणि ती उघडली म्हणजे आंत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तकें दिसत. तीं तीन महिने गांवांत राहूं शकत. त्यांसाठीं गांवाला एक पैचाहि खर्च येत नसे. जाण्यायेण्याचें भाडेंसुद्धां बडोद्याचें ग्रंथालयखातें भरी. पेटी जबाबदारीनें संभाळणारा कोणी एक माणूस गांवांत असावा, एवढीच अट.

बडोद्याच्या ग्रंथालयाचें नांव विद्वानांच्या परिचयाचें आहे. तेथील संस्कृत पोथ्यांचा संग्रह, १९१६ सालीं राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'पासून सुरू झालेली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला, पुढें निघालेलें प्राच्य विद्यामंदिर, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या खात्याच्या छायेखालीं ह्या पोथ्या वाढल्या, त्याच खात्यांतून ही लांकडी पेटीहि निघत असे, हें आपण सहसा विसरतों. श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं पुस्तकांचें एखादें कपाट असतें आणि कोपऱ्यावर वाचनालय असतें. ज्याच्या घरीं कपाट नाहीं आणि ज्याच्या गांवाला कोपराहि नाहीं, त्याच्यापर्यंत पुस्तक पोंचविण्याचा हिंदुस्थानांतील पहिला मोठा पद्धतशीर प्रयत्न एका मराठी राजानें गुजराती प्रजेसाठीं केला. आज त्याच प्रयत्नाविषयीं बोलावयाचें आहे.

हा राजा स्वतः खेड्यांतला. सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें ह्या गांवचा. १८७५ सालीं त्यांना दत्तक घेऊन गादीवर बसविलें, तेव्हां त्यांचें वय बारा वर्षांचें होतें आणि तोंपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. राजपुत्राला लहानपणापासून अक्षरें येतच असतात. तीं कोठून आलीं याचा विचार त्याला करावा लागत नाहीं. बाराव्या वर्षीं मुळाक्षरें गिरविणाऱ्या मुलाला मात्र वाचतां येणें आणि न येणें ह्या दोन्ही स्थिति अनुभवानें ठाऊक असतात. महाराजांच्या पुढील कारभाराचें सगळें मूळ एवढ्या एका गोष्टींत आहे, असें माझें म्हणणें नाहीं. पण तिचा कांहींच संबंध नसेल असेंहि मला वाटत नाहीं.

१८९३ सालीं त्यांनीं अमरेली भागांतील कांहीं गांवांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ सालीं ती सक्ति सर्व राज्यास लागू केली. मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा वर्षें वयांत शाळेंत जाणें भाग पडलें. नामदार गोखल्यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानांत अशाच शिक्षणाचें बिल मांडलें १९११ सालीं, आणि तें फेंटाळलें गेलें. म्हणजे बडोदें ह्या बाबतींत इतरांच्या पुढें होतें, यांत संशय नाहीं.

पण शाळा काढल्यावर एक नवीच अडचण समोर उभी राहते. मुलगा बाराव्या वर्षीं शाळा सोडतो आणि बापाबरोबर शेतावर जाऊं लागतो. घरांत पुस्तक नाहीं, गांवांत वर्तमानपत्र येत नाहीं, पत्र वर्षांतून एखादें. विसाव्या वर्षीं त्याला सहीपुरतीं अक्षरें उरतात, आणि पुढें तींहि जातात. मुलीचें तर दहाव्या वर्षींच सगळें संपतें. सरकारनें गुरुजींच्या पगारावर आणि शाळेच्या कौलांवर जो पैसा घातला, तो असा हळूहळू मातींत जातो. नांगर विकत घेऊन बैल न घेण्यासारखाच हा प्रकार. शाळेच्या पाठोपाठ पुस्तक गेलें नाहीं तर शाळा व्यर्थ, हा हिशेब बडोद्यांत वेळींच मांडला गेला.

त्यावर उपाय महाराजांना अमेरिकेंत सांपडला. १९०६ सालीं ते तेथें गेले असतां गांवोगांवचीं सार्वजनिक ग्रंथालयें त्यांच्या दृष्टीस पडलीं. वर्गणी भरणाऱ्या सभासदांपुरतें वाचनालय तर आपल्याकडेहि होतें. कोणीहि यावें, फुकट वाचावें आणि घरीं न्यावें, ही कल्पना मात्र नवीन होती. पुढें १९१० सालीं त्यांनीं कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्यास बोलाविलें. बोर्डनसाहेब १९१३ पर्यंत राहिले. एवढ्या अवधींत त्यांनीं ग्रंथालयांचें स्वतंत्र खातें उभें केलें, महाराजांच्या स्वतःच्या संग्रहांतील सुमारें वीस हजार पुस्तकांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय मांडलें, पुस्तकांच्या वर्गीकरणाची एक पद्धति रचली आणि १९११ सालीं ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्गहि काढला. असा वर्ग हिंदुस्थानांत पूर्वीं कोठें निघालेला नव्हता.

खात्याच्या दोन शाखा होत्या: एक शहराची, दुसरी मुलुखाची. मुलुख म्हणजे तरी काय? सुमारें आठ हजार चौरस मैलांचें आणि वीस लाख वस्तीचें राज्य, पण सलग नव्हे. बडोदें, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत एकमेकांपासून तुटलेले, मध्यें इंग्रजी मुलुख किंवा दुसऱ्या संस्थानिकांचीं गांवें. अमरेली तर पार काठेवाडांत. अशा विखुरलेल्या राज्यांत एका इमारतींत कितीहि पुस्तकें भरलीं तरी त्यांचा उपयोग शहरालाच. फिरत्या पेटीची युक्ति येथें उपयोगी पडली. एक पेटी परत आली कीं दुसरी मागवावी. तीच पुस्तकें मग दुसऱ्या गांवीं.

पेटी ही मात्र सुरुवात होती. ज्या गांवाला वाचनाची गोडी लागली, त्यानें आपलें स्वतःचें ग्रंथालय काढावें, अशी योजना होती, आणि ह्या योजनेंतील पैशाचा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो. खेड्यानें वर्षाला शंभर रुपयांपर्यंत जी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांतपंचायतीनें द्यावी आणि तेवढीच सरकारनें द्यावी. कसब्याच्या गांवासाठीं ही मर्यादा तीनशें रुपयांची आणि प्रांताच्या मुख्य गांवासाठीं सातशें रुपयांची. इमारत बांधावयाची झाली तरी तोच न्याय: एक तृतीयांश लोकांचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश सरकारचा.

सगळा खर्च सरकारनेंच कां केला नाहीं, असें कोणी विचारील. पण सरकारनें फुकट दिलेली वस्तु गांवाला सरकारचीच वाटते. तिचें दार मोडलें तर सरकारनें पाहावें, वाळवी लागली तर सरकारनें पाहावें. ज्या घरानें वर्षाला दोन रुपये घातले असतील, तें मात्र वर्तमानपत्र कां आलें नाहीं याची चौकशी करील. आणि उलट बाजूनें, सगळाच भार गांवावर टाकला असता तर सधन गांवांतच ग्रंथालयें झालीं असतीं. ह्या तिसऱ्या हिश्शाच्या न्यायांतहि गरीब गांव मागें राहतेंच. जो एक रुपया जमवूं शकत नाहीं त्याला दोन मिळत नाहींत. हें वैगुण्य खरेंच. त्याच्यापुरती पेटी होती, आणि पेटीला कांहीं द्यावें लागत नसे.

आतां एका माणसाविषयीं थोडें सांगतों, कारण नुसत्या हुकुमानें खेड्यांत वाचनालय चालत नाहीं. चरोतर भागांतील वसो ह्या गांवचे मोतीभाई नरसिंहभाई अमीन हे एक शिक्षक. जन्म १८७३ चा. बोर्डनसाहेब येण्यापूर्वींच, १९०६ च्या सुमारास, त्यांनीं मित्रमंडळ नांवाची चळवळ सुरू करून गांवोगांव छोटीं वाचनालयें काढविलीं होतीं. खातें निघाल्यावर ते त्यांत आले आणि मुलुखाच्या शाखेचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. १९३९ सालीं ते वारले. गुजरातेंत ग्रंथालयचळवळीचे जनक म्हणून आजहि त्यांचें नांव घेतात. अमेरिकन तज्ज्ञाची पद्धति, मराठी राजाची सत्ता आणि गुजराती मास्तराची पायपीट, ह्या तिन्ही एकत्र आल्या. यांतून पहिली काढली असती तर कामाला शिस्त राहिली नसती, दुसरी काढली असती तर पैसा नसता. पण तिसरी काढली असती तर गांवांत कोणी पेटी उघडलीच नसती, असा माझा ग्रह आहे.

मराठी माणसांचाहि त्यांत वांटा होता. बोर्डननंतर खात्याची सूत्रें जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आलीं. १९१९ सालीं त्यांनीं ह्या चळवळीवर इंग्रजींत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले, त्यांचाहि असा ग्रंथ १९२८ चा आहे. १९१२ पासून खात्यानें एक नियतकालिक चालविलें, तें इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. परंतु ग्रंथालयांना ग्रंथ लागतात, आणि खेडुतानें वाचावीं अशीं देशी भाषांतलीं पुस्तकें तरी कोठें होतीं? कादंबऱ्या होत्या, पुराणें होतीं. खत, रोगराई, दूरचे देश यांवर सोप्या भाषेंत फारसें कांहीं नव्हतें. महाराजांनीं ह्यासाठीं दोन लाख रुपयांचा निधि काढून ठेवला आणि त्यांतून श्रीसयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला ह्या माला गुजरातींत आणि मराठींत निघूं लागल्या.

आणि ज्यांना वाचतांच येत नाहीं ते? आपल्याकडे चातुर्मासांत देवळांत पोथी लावतात. वाचणारा एक आणि ऐकणारें सगळें गांव. निरक्षर माणूसहि त्या पोथीचा वाचकच म्हणावयाचा. हाच विचार निराळ्या साधनांनीं बडोद्याच्या खात्यानें केला. चित्रशिक्षणाची एक स्वतंत्र शाखा निघाली. मॅजिक लँटर्न, तिच्या कांचा आणि सिनेमाचें यंत्र घेऊन माणसें गांवोगांव जात आणि फुकट खेळ करीत. दोन भिंगांतून पाहिलें असतां खरी खोली दिसावी अशीं स्टिरिओस्कोपचीं चित्रेंहि असत. ज्या माणसानें तालुक्याचें गांव ओलांडलेलें नाहीं, त्याला एका पांढऱ्या पडद्यावर समुद्र आणि जहाज दिसे. अशा खेळानंतर किती जण अक्षरांकडे वळले हें मोजतां येण्यासारखें नाहीं. परंतु ग्रंथालय म्हणजे केवळ शाळा शिकलेल्यांची जागा नव्हे, एवढें तरी गांवाला कळलें असेल. शहरांत बायकांसाठीं वेगळें वाचनालय आणि मुलांसाठीं वेगळी खोली होती. मुलांच्या खोलींत पुस्तकांबरोबर खेळहि ठेवलेले असत. ही गोष्ट आपल्या कित्येक वाचनालयांच्या चिटणिसांना आजहि रुचणार नाहीं!

इतकें चांगलें सांगितल्यावर एक कटु गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १९१३ सालीं ह्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास गेले. १९१७ सालीं ते नोकरीसाठीं बडोद्यास परत आले, तेव्हां शहरांत त्यांना राहावयास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेंत ते नांव बदलून राहिले. जात कळतांच लाठ्या घेऊन माणसें दारांत आलीं आणि त्यांना तेथून निघावें लागलें. तो दिवस त्यांनीं कामाठीबागेंत काढला, ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेवली आहे. नेमक्या त्याच वर्षांत फिरत्या पेट्या राज्यांत हिंडत होत्या आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचें दार, नियमाप्रमाणें, सर्वांना खुलें होतें. हुकुमानें ग्रंथालय उघडतां येतें. पण ज्या खेड्यांत तें धर्मशाळेच्या ओट्यावर किंवा शाळेच्या पडवींत बसविलेलें असे, तेथें त्या ओट्यावर कोण चढूं शके आणि पेटी संभाळणारा जबाबदार माणूस कोणत्या आळींतला असे, हा प्रश्न विचारल्याशिवाय बडोद्याची कीर्ति गाऊं नये. महाराजांना ह्या प्रश्नाची जाणीव नव्हती असें नाहीं. अंत्यजांसाठीं शाळा त्यांनीं फार पूर्वींच काढल्या होत्या. परंतु त्या शाळाहि वेगळ्या काढाव्या लागल्या, यांतच उत्तर आलें.

महाराज १९३९ सालीं वारले, मोतीभाईहि त्याच वर्षीं. १९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. मधल्या काळांत दुसरीकडे पावलें पुढें पडत होतीं. १९४५ सालीं कोल्हापूर संस्थानानें ग्रंथालयांचा कायदा केला, हिंदुस्थानांतला तो पहिला. १९४८ सालीं मद्रासनें केला आणि त्यांत घरपट्टीवर ग्रंथालयासाठीं करहि बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा. त्यांत कर नाहीं. लोकांनीं संस्था चालवावी आणि सरकारनें अ, ब, क, ड अशा वर्गवारीनें अनुदान द्यावें, ही त्यांतील रीत. बडोद्याच्या तिसऱ्या हिश्शाचीच ती दूरची नातलग म्हणावी लागेल, पंचायतीचा हिस्सा तेवढा गळाला. अनुदान लांबलें म्हणजे गांवच्या ग्रंथपालाचें मानधन लांबतें, हें ज्यांचें कोणी नातेवाईक असें काम करितात त्यांना सांगावयास नको.

बडोद्याला मात्र अशा कायद्याची वाट फार दिवस पाहावी लागली. तें शहर आणि तो मुलुख १९६० सालीं गुजरात राज्यांत गेला, आणि गुजरातचा ग्रंथालय-कायदा झाला २००१ सालीं, बोर्डनसाहेब बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यानंतर जवळजवळ एक्याण्णव वर्षांनीं. मांडवीजवळचें मध्यवर्ती ग्रंथालय अद्याप उभें आहे आणि वाचकांची वर्दळहि तेथें असते.