हिंगोली छावणी

हिंगोली छावणी : निजामाच्या राज्यातील एक लष्करी ठाणे (१८१९–१९०३). कयाधू नदीकाठी, सध्याच्या हिंगोली शहरात. येथे हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या तुकड्या असत. शेजाऱ्याच्या धास्तीने एखादे राज्य आपले परराष्ट्र धोरण दुसऱ्याच्या हाती देते, पुढे धास्ती संपते, पण खर्च चालूच राहतो. मराठवाड्यात याचा ताळेबंद सर्वांत स्पष्ट दिसतो तो या छावणीत. म्हणून एरवी चार ओळींत आटोपली असती अशी ही नोंद येथे विस्ताराने दिली आहे.

पूर्वपीठिका : ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत निजाम अलीचा मराठ्यांनी पराभव केला. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल जॉन शोर तटस्थ राहिला. आपला मित्र ऐनवेळी येत नाही हे कळल्यावर निजामाने फ्रेंच अधिकारी रेमंड याच्या कवायती पलटणी वाढवल्या. मराठ्यांच्या भीतीवर काढलेला हा तोडगाच कंपनीच्या भीतीचे कारण ठरला. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता, म्हैसूरच्या टिपूची फ्रेंचांशी बोलणी उघड झाली होती आणि नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला प्रत्येक दरबारात फ्रेंच दिसत होते. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजामाने तैनाती फौज स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली; रेमंड त्याआधीच वारला होता. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनीकडे गेला आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी व्यवहार न करण्याचे बंधन निजामावर आले. हैदराबादचे स्वतंत्र परराष्ट्र धोरण येथेच संपले. काही अभ्यासक या तहांना निजामाचे शहाणपण मानतात, कारण मराठे आणि टिपू बुडाले तरी त्याची गादी टिकली. गादी टिकली हे खरे.

स्थापना : १८०० च्या तहात युद्धकाळी निजामाने ६,००० पायदळ व ९,००० स्वार द्यावेत असे कलम होते. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसावी, असे त्यात नव्हते. कंपनीचा रेसिडेंट हेन्री रसेल (१८११–१८२०) आणि दिवाणगिरी सांभाळणारा चंदुलाल यांच्या काळात ती उभी राहिली. हीच कंटिंजंट फौज. तैनाती फौज निराळी. कंटिंजंटसाठी मराठे, पेंढारी आणि बंडखोर नाईक अशी कारणे एकामागून एक पुढे आली. जानेवारी १८१९ मध्ये हटकर नाईक नौसाजी याच्या नोव्हा येथील गढीला या फौजेने वेढा घालून ती घेतली. नोव्हाचे नाव पुढे पलटणींच्या सन्मानचिन्हांत गेले. त्याच वर्षी हिंगोलीला छावणी पडली. पेशवाई आदल्या वर्षीच बुडाली होती आणि पेंढारीही मोडले होते. ज्यांच्या भयाने फौज उभारली त्यांतले हे दोघे उरले नव्हते, तेव्हा ही छावणी वसली.

ठग प्रकरण : छावणीच्या इतिहासात सर्वांत रंगवून लिहिले गेलेले प्रकरण. त्याचा मुख्य आधार निजामाच्या नोकरीतील अधिकारी मेडोज टेलर याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीला जोडलेली प्रस्तावना. तिच्यात तो सांगतो की या भागातील ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा हिंगोलीतलाच प्रतिष्ठित व्यापारी होता आणि स्वतः टेलरसह इंग्रज अधिकाऱ्यांचा त्याच्याशी नेहमीचा व्यवहार असे. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याकडून परवाना घेतला. मग जो व्यापारी ते कापड घेऊन येत होता त्यालाच नोकरचाकरांसह वाटेत मारले आणि तोच परवाना दाखवून माल हिंगोलीला आणून छावणीत उघड विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली, म्हणून हे बाहेर आले. पहाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर बाजारात माणसे मारली जात आणि जवळच पुरली जात, असेही टेलर लिहितो.

या मजकुराकडे दोन प्रकारे पाहता येते. खून झाले याविषयी शंका नाही. मात्र माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून देशभर पसरलेला एक धर्मबद्ध गुप्त पंथ उभा करणे कितपत योग्य, यावर अलीकडच्या संशोधनात वाद आहे. एवढे निश्चित की शेजारच्या माणसावर विश्वास ठेवता येत नाही ही भावना टेलरच्या पुस्तकाने इंग्लंडमधील वाचकांपर्यंत नेली आणि संस्थानांच्या हद्दीत कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कारवाई करण्याला तिथे पाठिंबा मिळाला. छावणीच्या पहाऱ्याला आपल्याच बाजारातले खून दिसले नव्हते, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

कर्ज आणि वऱ्हाड : फौजेचा पगार भागवण्यासाठी चंदुलालने विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीकडून कर्जे उचलली. व्याज शेकडा २४ च्या आसपास. पुढे हे प्रकरण लंडनपर्यंत गाजले. १८२३ मध्ये पामरचे देणे फेडण्यासाठी ‘उत्तर सरकार’ या मुलखाबद्दल कंपनीकडून दरवर्षी मिळणाऱ्या पेशकशीवरील हक्क निजामाने सुमारे १ कोटी १६ लाख रुपयांना कायमचा सोडला. तरीही पगार थकतच राहिला. कंपनी तो स्वतःच्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे लिही. २१ मे १८५३ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसीच्या दबावाखाली निजाम नासिरुद्दौलाने वऱ्हाड, धाराशिव भाग आणि रायचूर दुआब फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या ताब्यात दिले. १८६० च्या तहाने शेवटचे दोन परत मिळाले, वऱ्हाड राहिले. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले.

१८५७ : बहुतेक फौज इंग्रजांच्या बाजूने राहिली, काही तुकड्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत होत्या.

अखेर : १९०३ मध्ये कंटिंजंट फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली आणि हिंगोलीची छावणी उठली.

सरहद्द आणि १९४८ : वऱ्हाड गेल्यामुळे हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगेच्या बाजूने परक्या अंमलाची सरहद्द आली. निजाम भारतात सामील न झाल्याने १९४७ नंतर कळमनुरी निजामाकडे आणि शेजारचे उमरखेड भारतात, अशी स्थिती झाली. उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे एक सरहद्द केंद्र होते. भारत आणि निजाम यांच्यातील २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर दोन्हीकडे भय वाढत गेले. चहूबाजूंनी कोंडले गेल्याच्या भावनेतून निजाम सरकारने पाकिस्तानला २० कोटींचे कर्जरोखे दिले, शस्त्रे विमानाने चोरून आणवली आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली. १४८ वर्षांपूर्वी सोडलेले परराष्ट्र धोरण परत घेण्याचा हा प्रयत्न होता. भारताला देशाच्या पोटातच परके राज्य उभे राहण्याची चिंता होती. रझाकार या सशस्त्र दलाचा पुढारी, लातूरचा वकील कासीम रझवी याच्या भाषणांनी आणि रझाकारांच्या अत्याचारांनी ती चिंता घराघरात पोहोचवली.

संस्थानातील जाहीर चर्चेवर याचा परिणाम उघड झाला. भारतात विलीन होण्याची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. त्यानंतर मुसलमान समाजातून असे मत जाहीरपणे मांडणे जिवावरचे काम होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीत तक्रारीवर चर्चा सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली.

कारवाईनंतर काही भागांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. मृतांच्या आकड्यांबाबत मतभेद आहेत.

अवशेष : पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे. हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा.