कांदेनवमी ते चंपाषष्ठी

आषाढ शुद्ध नवमीला बीड जिल्ह्यातल्या चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांद्याचा सुकाळ असे. भजी, थालीपीठ, पिठले, सगळ्यात कांदाच. दोन दिवसांनी आषाढी एकादशी आणि तिथून पुढे कांदा, लसूण, वांगी बंद. सोडायच्या पदार्थाचा आधी फडशा पाडून घ्यायचा, या मनुष्यस्वभावालाही जुन्या लोकांनी पंचांगात जागा दिली ती अशी.

वांग्याला सर्वांत जास्त वाट पाहावी लागे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मगच ते पानात येई.

गंमत अशी, की खाण्याचे बरेचसे सण याच बंदीच्या काळात येतात. श्रावण, गौरी-गणपती, अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे शारदीय नवरात्र, दिवाळी. पुरणपोळी एका दिवशी, तर लगेच कुठला तरी उपास. परळीच्या वैजनाथाचे श्रावणी सोमवार करणारे संध्याकाळीच उपास सोडत. कुणी एकभुक्त राहत, म्हणजे दिवसातून एकदाच जेवत, तर कुणी धरणेपारणे करत, म्हणजे एक दिवस उपास आणि दुसऱ्या दिवशी जेवण. कमी खाण्याला आधारही होता: पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, असे आयुर्वेद सांगतोच.

या व्रतांची मोठी जंत्री तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात केली. अंबाजोगाई तेव्हा यादवांच्याच राज्यात होती. यादवांचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख तिथे आहेत.

अर्थात, हे नियम भरल्या घरांचे. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे खडी फोडून मिलो (लाल ज्वारी) आणि सुकडीवर जगली. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडची हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. अतिखाणे टाळण्याचा उपदेश त्यांना कुणी करू नये.

बाकीच्यांचा चातुर्मास बिघडवला तो साबुदाण्याने. पाणी, कंदमुळे, फळे आणि दुधाने व्रत मोडत नाही, अशी सवलत शास्त्रात होतीच. दक्षिण अमेरिकेतून आलेला टॅपिओकाचा कंद तिच्यात अलगद बसला. 1940च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलमला त्यापासून साबुदाणा होऊ लागला. बटाटा, मिरची आणि शेंगदाणाही मूळचे अमेरिकेचेच. त्यांच्या जोडीने उपासाची खिचडी झाली आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण खरी ठरली. एका ताटलीत पिष्ट, तूप आणि दाण्याचे कूट मिळून साध्या वरणभाताहून जड जेवण होते. सणासुदीत पोटाला खरोखर विसावा द्यायचा असेल, तर खिचडी बाजूला ठेवून जुने एकभुक्तच पुन्हा करून पाहावे.