दवंडी, भिंत आणि फलक

आपल्या किनाऱ्यावर एखादी गोष्ट गावभर करावयाची असेल तर पूर्वी कागद लागत नसे. एक वाद्य आणि एक खणखणीत गळा एवढे भांडवल पुरे होई. दवंडी पिटणारा चव्हाट्यावर थांबे, थाप मारी, "ऐका हो ऐका!" म्हणून लक्ष वेधी आणि सरकारी पट्टी कधी भरावयाची, कोणाच्या मालाचा लिलाव आहे, हे सांगून पुढच्या आळीकडे वळे. ज्याला अक्षर ठाऊक नाही त्यालाही ते कळे; आणि ज्याला नीट ऐकू आले नाही तो त्याला हटकून पुन्हा विचारू शके. जाहिरातीच्या पुढच्या कोणत्याही साधनाला ही शेवटची सोय साधलेली नाही.

तथापि या चित्रात रमून जाण्याचे कारण नाही. बोलणारा समोर उभा असे हे खरे. पण बोलणे त्याचे नसे. गावगाड्यात हे काम महार वतनदारांकडे होते, आणि वतन म्हणजे नुसता मान नव्हे, तर रात्री-अपरात्री पडणारी, नाकारता न येणारी चाकरी होती. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवली ती याचसाठी. कनिष्ठ वतने प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा झाला तो 1958 साली. म्हणजे गावाला हुकूम ऐकवणारा माणूस स्वतःच हुकुमाचा बांधलेला होता आणि हुकूम देणारा चव्हाट्यावर येतच नव्हता.

नुसत्या जाहीर करण्याची ताकद किती, याचा धडा याच जिल्ह्यातल्या महाडने दिला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले असल्याचे ठरावाने जाहीर केले. तळे मात्र होते तसेच बंद राहिले. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चालत जाऊन ते पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. आणि कोर्टाचा शेवटचा निकाल मिळावयास 1937 साल उजाडावे लागले. जाहीर होणे वेगळे आणि खरे होणे वेगळे.

दवंडीनंतर आली ती भिंत. एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढे गावोगाव सडका झाल्या, तशी सडकेकडे तोंड असलेल्या भिंतीला किंमत आली. साबण, बिड्या, चहा, खते यांची नावे तिच्यावर चढू लागली. घरमालकाला मोबदला बहुधा एवढाच, की भिंत फुकट रंगून मिळे. भिंतीचा गुण असा की ती एकदा रंगवली की रोज बोलते आणि रोजचे पैसे मागत नाही. शेतावर जाणारा, बाजाराला जाणारा, शाळेत जाणारा तेच नाव दिवसातून दोनदा वाचतो. आमच्या शाळेतली कितीतरी मुले धडा वाचण्याआधी भिंतीच वाचावयास शिकली आहेत.

परंतु आपला मुलूख रंगाला सोसणारा नाही. जांभ्याच्या भिंतीला गिलावा नसेल तर तिची भोके रंग पिऊन टाकतात. अलिबागकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले काम खारा वारा करतो. शिवाय पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधण्याची आपली चाल. त्या झापांआड गेलेली जाहिरात चार महिने मुकी होते.

भिंतीचे दुसरे दुबळेपण अधिक खोल आहे. 1960 नंतरच्या दशकात कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दवाखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर उमटला. वाचता न येणाऱ्यालाही ओळखू यावे असे ते उलटे चिन्ह. साधन म्हणून त्याला नाव ठेवावयास जागा नाही. पण मनात शंका असलेल्या बाईने भिंतीला काय विचारावे? तिला उत्तर द्यावयास नर्सबाईच लागे. पुढे आणीबाणी आली. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. देशभर सक्तीच्या वार्ता पसरल्या, आणि भिंतीवरचा तोच त्रिकोण, एक रेघ न बदलता, अनेकांच्या मनात धास्तीचे चिन्ह झाला. फलक शब्द पोचवतो. त्याचा अर्थ ठरवणे त्याच्या हाती नसते.

घरात शिरणारी साधने मवाळ. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य घरांत आली. अशा चित्रांखाली दुकानाचे नाव छापले की झाले कॅलेंडर. 1973 साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले, त्यात तिथी, सण आणि मागच्या बाजूला वाचावयास मजकूर दिला. तेव्हा भिंतीवरचा कागद घरातली गरज बनला. दुकानदाराने दिलेले कॅलेंडर वर्षभर टिकते, आणि नाव छापलेली पिशवी तर गिऱ्हाईकच आपल्या हाताने बाजारभर मिरवते. मात्र चतुर्थी पाहणारा डोळा दुकानाच्या नावावरून सहज घसरून जातो. ही साधने ओळख ताजी ठेवतात. नवी ओळख करून देणे त्यांना फारसे जमत नाही.

आता राज्य आहे ते लोखंडी सांगाड्यावरच्या प्रचंड फलकांचे. पळत्या मोटारीतून क्षणभर दिसावयाचे, म्हणून अक्षर मोठे. अक्षर मोठे म्हणून फलक मोठा. आणि फलक जितका मोठा तितका तो वारा धरणारा. शिडाचा हा हिशेब आपल्या कोळ्यांना सांगावा लागत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्यापुढे पिढ्यांच्या माडा-पोफळी आडव्या झाल्या. जिथे मुळे धरलेली झाडे उभी राहिली नाहीत, तिथे पत्र्याची काय कथा?

13 मे 2024 रोजी घाटकोपरला ती कथा घडली. पेट्रोल पंपाशेजारचा सुमारे 120 फूट उंच आणि तितकाच रुंद फलक वादळी वाऱ्यात कोसळला आणि 17 माणसे गेली. महापालिकेची मर्यादा 40 फुटांची. जागा लोहमार्ग पोलिसांकडची. आपली परवानगी घेतलीच नव्हती, असे महापालिकेचे म्हणणे. शहराच्या अर्ध्या भागाला दिसत असलेली वस्तू, पण ती कोणाच्या अखत्यारीत हे माणसे मेल्यावर शोधावे लागले! मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात 1995 पासून आहे. तोही एक फलकच म्हणावयाचा.

जाहीर म्हणजे उघड. पण साधन जसजसे मोठे झाले तसतसा माल उघड होत गेला आणि सांगणारा झाकला गेला, असे हा सारा इतिहास पाहताना वाटते. दवंडीवाल्याला निदान हटकता येई.

गेल्या पावसाळ्याआधी मुलांना घेऊन सडकेने चाललो होतो. खेळ म्हणून सांगितले, प्रत्येक फलक वाचा आणि तो कोणी लावला तेही शोधा. मजकूर सगळ्यांनी धडाधड वाचले. दुसरी गोष्ट मात्र कोणालाच सापडेना. एका गंजलेल्या सांगाड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरे होती, ती उन्हाने उडाली होती. एका मुलाने मान वर करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सर, हा पडेल असे वाटले तर सांगायचे कुणाला?"

मी मुलांना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला घेतले. त्या वेळी माझ्यापाशी तेवढेच उत्तर होते.