ड्राइव्हचे हस्ताक्षर

जुना संगणक माळ्यावरून खाली काढला, धूळ पुसली, वीज दिली, की पुष्कळदा पडदा उजळतो. अडते ते फ्लॉपी ड्राइव्हपाशी. याचे नवल वाटू नये. बाकीच्या यंत्रात हलणारे फारसे काही नसते. ड्राइव्हमध्ये मात्र मोटर आहे, रबरी पट्टा आहे, दांड्यांवरून सरकणारे हेड आहे. तो अर्धा टेपरेकॉर्डर आणि अर्धे घड्याळ, त्यामुळे दोघांचीही म्हातारपणची दुखणी त्याच्या वाट्याला येतात. संगणकाचे इतिहास प्रोसेसरचा वंशवृक्ष तपशिलाने देतात. मला ही दुखणी अधिक बोलकी वाटतात.

आयबीएमची आठ इंची फ्लॉपी १९७१मध्ये आली. १९७६मध्ये शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची ड्राइव्ह काढला आणि फ्लॉपी छोट्या संगणकांच्या आवाक्यात आली. दोन वर्षांनी अॅपलच्या स्टीव्ह वॉझ्निअॅकने त्याच यंत्रणेतले बरेचसे इलेक्ट्रॉनिक्स काढून ते काम आज्ञावलीवर सोपवले. काढलेल्या भागांत शून्य क्रमांकाचा ट्रॅक ओळखणारा सेन्सरही होता. मग हेड कुठे आहे हे कळायचे कसे? ते गरजेपेक्षा जास्त पावले मागे रेटायचे. अडसराला टेकले की शून्य. ‘अॅपल टू’ सुरू होताना जी खडखड ऐकू येते, ती हीच.

‘कमोडोर ६४’च्या जोडीला आलेल्या १५४१ या ड्राइव्हने हीच काटकसर केली आणि ती त्याला महागात पडली. फ्लॉपी फॉरमॅट करताना किंवा वाचनात चूक आली की त्याचे हेड अडसरावर आपटे. त्यातच खेळ विकणाऱ्या कंपन्या नकला रोखण्यासाठी फ्लॉपीवर मुद्दाम सदोष सेक्टर ठेवू लागल्या. म्हणजे अस्सल, पैसे मोजून घेतलेला खेळ सुरू करतानाही आपटणे आलेच! मोटरच्या आसावर नुसती दाबून बसवलेली कप्पी अशाने किंचित सरके. दोन ट्रॅकमधले अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेवढे सरकणे पुरत असे.

दुरुस्तीचे बरेचसे काम साधे आहे. सुकलेले ग्रीस काढून दांड्यांना नवे तेलबोट द्यायचे, हेड अल्कोहोलने पुसायचे, सैल पडलेला पट्टा बदलायचा. गती मिनिटाला ३०० फेरे हवी. पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक ड्राइव्हच्या तळाच्या कप्पीवर त्यासाठी काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळे असतात, एक ५० हर्ट्झ विजेसाठी आणि दुसरे ६०साठी. ट्यूबलाइटखाली धरल्यावर आपल्याकडे ५०च्या रेघा स्थिर दिसल्या की गती बरोबर. एलईडी दिव्यांखाली याचा भरवसा नाही, म्हणून चोकवाली एक जुनी ट्यूब मी जपून ठेवली आहे. हेडची जागा लावणे मात्र कौशल्याचे. कारखान्यात नेमकी लिहिलेली फ्लॉपी घालायची, मोटरचे स्क्रू किंचित सैल करायचे आणि ऑसिलोस्कोपवरच्या दोन आकृत्या सारख्या दिसेपर्यंत मोटर केसभर फिरवायची.

खरी अडचण यानंतर येते. वाकड्या हेडने ज्या फ्लॉपी लिहिल्या, त्या त्याच हेडला सरळ दिसत होत्या. ड्राइव्ह नीट केला की जगातल्या सगळ्या फ्लॉपी तो वाचू लागतो, पण स्वतः लिहिलेल्या वाचेनासा होऊ शकतो. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे लगेच कळेल. लिपी येत असली तरी त्या कारकुनाचे वळण ओळखावे लागते. इथे वळण ड्राइव्हचे असते. त्यामुळे जुन्या संग्रहासोबत त्याचा मूळ ड्राइव्ह आला असेल, तर मी आधी पट्टा, तेल आणि सफाई एवढ्यावरच थांबतो. त्याच्या सगळ्या फ्लॉपींची नक्कल निघेपर्यंत हेडच्या स्क्रूला हात लावत नाही. मूळ ड्राइव्ह हरवला असेल, तर चांगल्या ड्राइव्हचे हेड मुद्दाम थोडे थोडे सरकवून तो वाकडेपणा शोधावा लागतो. चांगले यंत्र जाणूनबुजून बिघडवताना हात थरथरतो.

पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयातल्या अमिगा फ्लॉपींमधून अँडी वॉरहॉलची १९८५ची संगणकचित्रे २०१४मध्ये बाहेर आली, तेव्हा आधी थेट चुंबकीय बदलांचीच नोंद घेतली गेली होती. अर्थ नंतर लावला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात नियतकालिकांचा मजकूर डीटीपी केंद्रातून छापखान्यात साडेतीन इंची फ्लॉपीवरून जाई. अशा काही फ्लॉपी माझ्याकडे आल्या, तेव्हा फाइल उघडली तरी मराठी दिसेना. युनिकोडपूर्व फाँटांचे संकेत ज्याचे त्याचे वेगळे. पण तो प्रश्न बसल्या जागी, कितीही वर्षांनी सोडवता येतो. ड्राइव्हचे तसे नाही. सोनीने फ्लॉपी विकणे २०११मध्ये थांबवले, आणि हेड खराब झाले तर ते दुसऱ्या मेलेल्या ड्राइव्हमधूनच काढावे लागते. माझ्या कपाटात असे सात ड्राइव्ह आहेत. त्यांतल्या चारांची हेड आधीच खर्ची पडली आहेत.