बर्था रसेल आणि चार अक्षरे

‘द गिल्डेड एज’ या मालिकेतली न्यूयॉर्कची नवश्रीमंत बर्था रसेल कोणत्या स्वभावाची, याचा निकाल तिच्या अनेक जाणत्या चाहत्यांनी केव्हाच लावून टाकला आहे. मायर्स-ब्रिग्ज पद्धतीच्या सोळा खान्यांपैकी तिचा खाना ‘ई-एन-टी-जे’: हुकमत गाजवणारी, लांबचे पाहणारी, भावनेपेक्षा हिशेबाला मानणारी. (आपल्या पत्रिकेत गण तीनच. इथे सोळा आहेत, म्हणून ते शास्त्र वाटते.)

हा पूर्वपक्ष वेडगळ नाही, तेव्हा तो नीट मांडू. जुन्या घराण्यांच्या ॲकॅडमी ऑफ म्युझिक या ऑपेरागृहात बॉक्स मिळत नाही, तर बर्था नव्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बाजूने उभी राहते. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू समाजाच्या सर्वेसर्वा मिसेस ॲस्टर दारात पाऊल टाकत नाहीत, तर त्यांच्या मुलीची अडवणूक करून आईला यायला लावते. मुलगी ग्लॅडिस हिचे मन दुसऱ्या तरुणात गुंतलेले असताना तिला इंग्रज ड्यूकच्या गळ्यात बांधते. तीन हंगामांत ही रीत कुठे मोडत नाही. वागण्यात इतके सातत्य असेल, तर त्यामागे स्वभावाचा एक पक्का गाभा असणारच, असे हा पक्ष म्हणतो.

आता खंडन. बर्था अशी का वागते? ती ई-एन-टी-जे आहे म्हणून. ती ई-एन-टी-जे आहे हे कशावरून? ती अशी वागते यावरून. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि पुढे ऐकून घेत नाहीत. शिवाय कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१च्या ग्रंथाच्या आधाराने घडवलेली ही प्रश्नावली माणसाने स्वतःबद्दल भरायची असते. खऱ्या माणसांनी काही आठवड्यांनी ती पुन्हा भरली, तरी अनेकांचे एखादे अक्षर बदलते. बर्थाच्या वतीने तर उत्तरे आपणच देतो, तीही मालिकेचा लेखक ज्युलियन फेलोज याने निवडून दाखवलेल्या प्रसंगांवरून.

खरी कसोटी मालिकेबाहेर आहे. बर्थाच्या मागे त्या काळच्या न्यूयॉर्कमधल्या खऱ्याखुऱ्या ॲल्वा व्हॅंडरबिल्टची सावली आहे, हे उघड गुपित. २६ मार्च १८८३च्या तिच्या वेशभूषा-नृत्यसोहळ्यासाठी मिसेस ॲस्टरना नमते घ्यावे लागले, ही आख्यायिका मालिकेने जवळपास तशीच उचलली आहे. १८९५मध्ये याच ॲल्वाने आपल्या अठरा वर्षांच्या मुलीचे, कॉन्सुएलोचे, लग्न मार्लबरोच्या ड्यूकशी लावून दिले. हुंड्यात पंचवीस लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर होते. पुढे १९२६मध्ये चर्चकडून ते लग्न रद्दबातल ठरवण्याच्या वेळी आपणच मुलीवर जबरदस्ती केली, अशी साक्ष तिने दिली. आणि मधल्या काळात, १९०९पासून, हीच बाई स्त्रियांच्या मताधिकारासाठी पैसा ओतत होती. न्यूपोर्टच्या ज्या मार्बल हाउसमध्ये मेजवान्या झडल्या, तिथे मताधिकाराच्या सभा भरत होत्या.

प्रतिपक्ष म्हणेल, प्रकार तोच, फक्त क्षेत्र बदलले. इथेच तो फसतो. मुलीला विकणारी आई आणि मताधिकाराची पुढारी या दोघींना जे लक्षण सारखेच लागू पडते, ते त्यांच्यातला फरक सांगू शकत नाही. ही सरळ अतिव्याप्ती झाली. आपल्याला समजून घ्यायचा होता तो नेमका हा फरकच.

माझे मंडन असे. १८८०च्या दशकातल्या न्यूयॉर्कात बर्थासारख्या बाईच्या हाती होते काय? मत नव्हते, त्या राज्यात ते १९१७ साली मिळाले. नवऱ्याच्या कंपनीत खुर्ची नव्हती. भेटकार्डे होती, जेवणावळी होत्या, ऑपेरातला बॉक्स होता आणि लग्नाच्या वयाची मुलगी होती. एवढ्याच भांडवलावर धंदा करायचा, तर तो असाच होणार. पत, तारण, वसुली हे सगळे तिच्या वागण्यात आहे, फक्त हिशेबाची वही दिवाणखान्यात लिहिली जाते. ॲल्वाच्या हाती पुढे चळवळ हे दुसरे साधन आले, तेव्हा तिची महत्त्वाकांक्षा तिकडे वळली. म्हणजे स्वभाव नसतोच, असे मी म्हणत नाही. अभिनेत्री कॅरी कून बर्थाच्या मानेला जो ताठा देते, तो काही समाजव्यवस्थेतून येत नाही. पण तो ताठा कुठे खर्च व्हायचा हे काळ ठरवतो, आणि चार अक्षरांत काळाला जागा नाही.

बर्थाचा नवरा जॉर्ज रसेल याच्याकडे पाहा. तो प्रतिस्पर्ध्यांना भिकेला लावतो, संपकऱ्यांसमोर बंदुका उभ्या करतो. जावयाशी देण्याघेण्याची बोलणीही तोच करतो, आणि नंतर ग्लॅडिसच्या दुःखाचे खापर बायकोवर फोडून निघून जातो. त्याच्या करणीला आपण धंदा म्हणतो, तिच्या करणीला स्वभाव.

ग्लॅडिसचा गुन्हेगार शोधायचा असेल तर बर्थाला जरूर दोषी धरा, मीही धरतो. मात्र आरोपपत्रावर दोघांची नावे हवीत, आणि त्यात त्या शहराचे कायदेही नोंदवायला हवेत.