‘ब्लॅक मिरर’चा ‘कॉमन पीपल’ एपिसोड : प्रेक्षक नेमके कशाला घाबरले?

२०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ लागायची, तेव्हा घरोघरी लोक दार लावून, पण डोळे उघडे ठेवून बघायचे. अंधश्रद्धा पसरते म्हणून तिच्यावर टीकाही झाली. ती भीती ओळखीची होती : जुना वाडा, रात्र, कुणीतरी दिसणं. आज ज्या एपिसोडबद्दल लिहितोय त्यात वाडा नाही, रात्रसुद्धा फारशी नाही. तरीही बघितलेल्या बहुतेकांनी ‘हा बघून झोप लागली नाही’ असंच सांगितलं.

‘ब्लॅक मिरर’ ही चार्ली ब्रुकर यांची ब्रिटिश मालिका. २०११ मध्ये चॅनल ४ वर सुरू झाली, २०१६ पासून नेटफ्लिक्सवर आहे. प्रत्येक एपिसोडची गोष्ट वेगळी, त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी चालते. सातवा सीझन १० एप्रिल २०२५ ला आला आणि ‘कॉमन पीपल’ हा त्याचा पहिला एपिसोड.

गोष्ट काय आहे? (शेवट सांगत नाही)

अमांडा शाळेत शिक्षिका, तिचा नवरा माइक वेल्डिंगचं काम करतो. साधं, हातावर पोट असलेलं जोडपं. अमांडाच्या मेंदूत गाठ निघते. तेव्हा ‘रिव्हरमाइंड’ नावाच्या कंपनीची बाई येते आणि सांगते की मेंदूच्या खराब भागाची प्रत आमच्या सर्व्हरवर ठेवू आणि तिथून सिग्नल पाठवत राहू. ऑपरेशन फुकट. फक्त महिन्याला ३०० डॉलर.

इथपर्यंत देवमाणूसच भेटलं असं वाटतं. मग कळतं की अमांडाला ठरावीक परिसराबाहेर जाता येत नाही, कव्हरेज नाही. गाडी हद्द ओलांडते आणि ती बेशुद्ध. बाहेर जायचं तर वरचा प्लॅन घ्या. प्लॅन नाही घेतला तर पुढे अजून वाईट : बोलता बोलता ती मध्येच जाहिरात म्हणायला लागते, त्याच आवाजात, आणि आपण काय बोललो हे तिला आठवतही नाही. वर्गात मुलांसमोर हे होतं तेव्हा नोकरीवर येतं. झोपही वाढत जाते, कारण ती झोपलेली असताना कंपनी तिचा मेंदू आपल्या कामाला वापरते. पैसे पुरेनात म्हणून माइक इंटरनेटवर अनोळखी लोकांसमोर स्वतःची विटंबना करून घ्यायला लागतो. माझ्या मते एपिसोडमधलं सगळ्यात अंगावर येणारं दृश्य ऑपरेशनचं नाहीच, ते हे आहे.

प्रेक्षक काय म्हणाले

आधीच्या, म्हणजे २०२३ च्या सीझनवर चाहते थोडे नाराज होते. त्यात ‘डिमन ७९’ नावाचा एपिसोड होता, त्यात चक्क सैतान येतो. ‘भूतच बघायचं तर दुसरं काही बघू, ह्यात टेक्नॉलॉजी कुठे आहे?’ असा अनेकांचा सूर होता. गंमत अशी की ‘डिमन ७९’ ब्रुकर यांच्यासोबत लिहिणाऱ्या बिशा के. अली यांचा ‘कॉमन पीपल’च्या कथेतही वाटा आहे. इथे मात्र सैतानाची गरज पडली नाही.

जगभर सगळ्यात जास्त आलेली प्रतिक्रिया : ‘हे तर माझ्या ओटीटी प्लॅनसारखंच आहे.’ दुसरी, जरा तिरकस : वेगवेगळ्या दरांचे प्लॅन विकणाऱ्या नेटफ्लिक्सवरच हा एपिसोड बघतोय! ब्रुकर यांनी कल्पना कुठून आली ते सांगितलंय. पॉडकास्टमध्ये गुन्ह्याची गंभीर गोष्ट सांगणारा माणूस एकदम त्याच सुरात जाहिरात करायला लागतो, तिथून. काहींना शेवट विनाकारण क्रूर वाटला, काहींना तोच एकमेव खरा शेवट वाटला. अमांडा झालेल्या रशिदा जोन्स यांना या कामासाठी २०२५ च्या एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं.

आता आमच्याकडचं सांगतो. पिंगळी म्हणजे परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाच्या घरी आम्ही पाच-सहा जणांनी मोबाईल लोट्याला टेकवून, सबटायटल वाचत हा एपिसोड बघितला. कव्हरेजचा प्रसंग आला तसा एक जण ओरडला, “आरं, बाईची रेंज गेली!” सगळे खो खो हसले. परदेशातले प्रेक्षक त्या प्रसंगाला दचकतात म्हणे. आम्ही रेंजसाठी गच्चीवर चढणारी माणसं, आम्हाला हसूच आलं.

जाहिरातींच्या प्रसंगानंतर मात्र हसणं थांबलं. काकू मागे निवडण करत बसल्या होत्या. इंग्रजी कळत नाही, आम्ही सांगत होतो तेवढंच. त्या म्हणाल्या, “म्हणजे आता जिवाचं बी रिचार्ज मारायचं का रे बाबा?” मग शांतपणे, “अन् न्हाई मारलं तर?” चुलतभाऊ काहीच बोलला नाही. त्याने एका अभ्यासाच्या ॲपची सात दिवसांची फुकट ट्रायल घेतली होती, त्यातून तीन महिने त्याच्या खात्यातून पैसे कटत होते. सोयाबीनच्या पैशातले.

हे खरंच होऊ शकतं का?

मेंदूचा भाग सर्व्हरवरून चालवणं आज शक्य नाही आणि जवळपासही नाही. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी असतात. न्यूरालिंकने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत जी चिप बसवली तिच्यात १,०२४ इलेक्ट्रोड होते. तेवढ्यावर कर्सर हलवता येतो; स्मृती, भाषा, स्वभाव यांची प्रत काढता येत नाही.

पण कंपनीवर अवलंबून असलेलं शरीर ही गोष्ट घडून गेलेली आहे. अमेरिकेतल्या ‘सेकंड साइट’ कंपनीने ‘आर्गस २’ नावाचं कृत्रिम दृष्टीचं यंत्र बनवलं. चष्म्यावर कॅमेरा आणि डोळ्याच्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोड. त्याने अंधांना उजेड, कडा, आकार ओळखू यायचे. जगभरात ३५० हून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, नंतर ती स्वतःच आर्थिक अडचणीत आली. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं त्यांना दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत. २०२२ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ने हे सविस्तर छापलं. ‘कॉमन पीपल’वर बोलताना अनेक प्रेक्षक आर्गसची आठवण काढतात ती म्हणूनच.

आपल्या फोनमधला रिव्हरमाइंड

जून २०२५ पासून भारतात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे. एपिसोड एप्रिलचा, त्यामुळे ‘बघा, रिव्हरमाइंड प्लस आलं’ असे मीम लगेच फिरले. २८ दिवसांचा रिचार्ज तर आपल्या अंगवळणीच पडलाय : महिने बारा, पण रिचार्ज तेरा. ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवा असं ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं, तो मागितल्याशिवाय दुकानात सहसा कुणी दाखवत नाही.

घ्यायला सोपं, सोडायला अवघड अशा सबस्क्रिप्शनला नियमांत नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ फसव्या डिझाइनवर बंदी घातली, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही. ते प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर जाऊन ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मधून बंद करावं लागतं. यूपीआयने जोडलं असेल तर त्या ॲपमधल्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन मँडेट रद्द करा. पैसे कटण्याच्या २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. ते एसएमएस आपण न वाचताच सरकवतो. चुलतभावाच्या फोनमध्ये तिन्ही महिन्यांचे तिन्ही एसएमएस सापडले. त्याच रात्री मँडेट रद्द केलं, आधीचे पैसे काही परत आले नाहीत.

एपिसोड जवळपास तासाभराचा आहे. शेवट खूप जड आहे, त्यामुळे लहान भावंडं शेजारी असतील तर लावू नका, आणि मन आधीच खचलेलं असेल तर सध्या राहू द्या. त्याच सीझनमधला ‘युलोजी’ बघा, तोही टेक्नॉलॉजीवरच आहे, पण हळवा आहे.